गुन्हेगारी जाळ्यातील मध्यवर्ती माणूस काढला, तर जाळे मोडते का?

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुप्तपणे चालणाऱ्या गुन्हेगारी जाळ्यांचे विश्लेषण हा माझ्या प्रबंधाचा विषय असून त्यातल्या एका मूलभूत प्रश्नावर मी अडले आहे. येथील जाणकारांनी मार्ग दाखवावा, ही विनंती.

या विषयात शिरणाऱ्या बहुतेकांप्रमाणे मीही व्हॅल्डिस क्रेब्स यांच्या कामापासून सुरुवात केली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर क्रेब्स यांनी वर्तमानपत्रांतून आणि इतर खुल्या स्रोतांतून बाहेर येणारी माहिती गोळा केली, १९ अपहरणकर्त्यांपैकी कोण कोणाबरोबर राहत होता, शिकत होता, भेटला होता याचे दुवे जोडले आणि २००२ साली तो आराखडा प्रसिद्ध केला. त्यात मोहम्मद अटा याचे थेट दुवे सर्वांत जास्त निघाले. त्याच्या थोडे आधी, २००० साली, रेका अल्बर्ट, हावूंग जेओंग आणि आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांचा 'नेचर'मधील प्रसिद्ध लेख आला होता. ज्या जाळ्यांत मोजक्या नोडांकडे, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या बिंदूंकडे (माझ्या विषयात माणसांकडे), पुष्कळ दुवे असतात, ती जाळी अधूनमधून होणारे यादृच्छिक बिघाड सहज पचवतात, परंतु नेमके मोठे नोड निवडून काढले तर ती लवकर विस्कळीत होतात, असे त्यात दाखवले आहे. ही दोन कामे शेजारी ठेवली, तर मध्यवर्ती माणसे ओळखावीत आणि त्यांना आधी पकडावे, असा निष्कर्ष आपोआप निघतो.

तो तपासण्यासाठी मी 'कॅव्हिअर' या नावाने उपलब्ध असलेला माँट्रियलच्या अमली पदार्थ टोळीचा डेटा घेतला. त्यात तपासाचे ११ टप्पे आहेत. ते सर्व एकत्र करून मी ११० जणांचा एकच आलेख तयार केला, बिट्वीननेसनुसार, म्हणजे इतरांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गांवर कोण किती वेळा येतो यानुसार, क्रमवारी लावली आणि वरचे नोड एकेक करून काढत गेले. थोडेच नोड काढल्यावर आलेखाचे तुकडे झाले. मला हा निष्कर्ष स्पष्ट वाटला. माझ्या मार्गदर्शकांनी मात्र आलेख पाहून एकच प्रश्न विचारला: "हे जाळे कोणी रेखाटले आहे?" त्याचे उत्तर शोधून मगच पुढचे प्रकरण लिही, असे त्यांनी सांगितले.

माझी पद्धत कोठे कमी पडते? वेगळे माप वापरायला हवे का, आणि त्याऐवजी ग्राफ न्यूरल नेटवर्क, म्हणजे आलेखातील दुव्यांवरून स्वतः शिकणारे मॉडेल, वापरले तर ही अडचण सुटेल का?

आलेखवाचक

तुमच्या मार्गदर्शकांनी विचारलेला प्रश्न या विषयाचा गाभाच आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

कॅव्हिअरचा डेटा कसा तयार झाला ते आधी पाहू. १९९४ ते १९९६ या काळात पोलीस माँट्रियलमधील हशीशच्या आयातीवर लक्ष ठेवून होते. या तपासाची पद्धत नेहमीपेक्षा वेगळी होती. माल जप्त करायचा, पण शेवटपर्यंत कोणालाही अटक करायची नाही, असे ठरले होते. अशा ११ जप्त्या झाल्या आणि तुमच्याकडचे ११ टप्पे त्यांच्याशीच निगडित आहेत. कार्लो मोर्सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनवरील संभाषणांच्या न्यायालयात सादर झालेल्या नोंदींवरून हे जाळे उभे केले. त्या नोंदींत एकूण ३१८ जणांची नावे आली होती. त्यांपैकी २०८ जणांचा तस्करीशी संबंध नव्हता, म्हणून त्यांना वगळले आणि ११० उरले. तुमच्या आलेखाची सीमा अशी, कोणी तरी विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयातून, आखली गेली आहे.

आता फोन कोणाचे ऐकले जात होते याचा विचार करा. तपासाची सुरुवात ज्या मुख्य संशयितापासून झाली, तो डेटामध्ये 'एन १' या खुणेने येतो. त्याचे फोन ऐकले जात असल्यामुळे त्याने केलेले जवळजवळ प्रत्येक संभाषण नोंदले गेले. ज्यांचे फोन ऐकले जात नव्हते, अशा दोघांचे आपापसांतले बोलणे मात्र नोंदीत येणे शक्यच नव्हते. एन १ हा टोळीतला महत्त्वाचा माणूस होता यात शंका नाही. तरीही आलेखात तो जितका मध्यवर्ती दिसतो, त्यातला किती भाग त्याच्या खऱ्या स्थानाचा आणि किती भाग पोलिसांच्या कानाचा, हे केवळ आलेखाकडे पाहून वेगळे करता येत नाही. माल्कम स्पॅरो यांनी १९९१ सालीच गुन्हे-तपासातील आलेखांच्या तीन अडचणी सांगून ठेवल्या आहेत: माहिती अपुरी असते, जाळ्याची सीमा धूसर असते आणि जाळे सतत बदलत असते. यातली पहिलीच सर्वांत घातक आहे, कारण जे दुवे दिसत नाहीत ते यादृच्छिकपणे गहाळ झालेले नसतात. सावध माणसाचे दुवे नेमके जास्त गहाळ असतात.

तुम्ही ११ टप्पे एकत्र केलेत, येथे दुसरी आणि मला वाटते त्याहून मोठी गोष्ट हातची गेली. टप्पे वेगवेगळे काढून पाहा. सुरुवातीच्या टप्प्यांत बहुतेक संपर्क एन १ कडून जातात. जप्त्या वाढू लागल्यावर टोळीचा कल हशीशकडून कोकेनकडे वळतो, कोकेनची बाजू सांभाळणारा 'एन १२' वर येतो, आणि एन १ चे महत्त्व त्याला कोणीही अटक न करता कमी होत जाते. माल हातचा जात असताना टोळीने स्वतःच आपली रचना बदलली. एकत्रित आलेखात हे सारे एकावर एक चढून दिसेनासे होते, आणि पहिल्या महिन्यातला दुवा व शेवटच्या महिन्यातला दुवा एकाच वेळी अस्तित्वात होते असा चुकीचा समज होतो.

'नेचर'मधल्या लेखातील गणित बरोबर आहे, परंतु त्यात काढलेला नोड कायमचा जातो आणि उरलेले नोड जागच्या जागी स्थिर राहतात, हे गृहीत आहे. इंटरनेटच्या राउटरबाबत काही काळापुरते हे मान्य करता येईल. माणसांच्या टोळीत रिकामी जागा भरली जाते. पॉल दाउन, व्हिक्टर काशिरिन आणि पीटर स्लूट यांनी नेदरलँड्समधील गांजा-लागवडीच्या जाळ्यावर पोलिसांच्या माहितीच्या आधारे हेच तपासले आणि २०१४ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये निष्कर्ष मांडले. नोड काढल्यानंतर उरलेले लोक बदली माणूस शोधतात असे मॉडेलमध्ये धरले, तेव्हा निवडून केलेल्या आघातांनंतरही जाळे सावरले, आणि अनेकदा ते पूर्वीपेक्षा अधिक कार्यक्षम झाले. त्याच कामातली एक बाजू मात्र तपास यंत्रणांना उपयोगी आहे. बदली माणूस शोधताना टोळीला ओळखीच्या वर्तुळाबाहेर जावे लागते आणि त्या काळात ती अधिक उघडी पडते. म्हणून अटकेनंतरचे काही आठवडे हे माहिती गोळा करण्याच्या दृष्टीने अटकेइतकेच महत्त्वाचे असतात.

व्ही. एस. सुब्रह्मण्यन आणि त्यांचे सहकारी यांनी मेरीलँड विद्यापीठात असताना तयार केलेली 'स्टोन' ही प्रणाली तुम्ही अवश्य वाचा. अमुक माणूस काढला तर त्याच्या जागी कोण येण्याची शक्यता आहे, तो आल्यावर जाळ्याचा आकार कसा होईल आणि त्या नव्या जाळ्याची मारक क्षमता वाढेल की घटेल, असा क्रम त्यात आहे. लष्कर-ए-तैयबा, अल कायदा, हमास आणि हिजबुल्ला या चार संघटनांच्या जाळ्यांवर त्यांनी ती वापरून पाहिली. तुमचा प्रश्न "कोणाला काढले तर तुकडे होतात" असा आहे. तो "कोणाला काढले तर बदली माणूस मिळणे सर्वांत अवघड जाईल" असा बदलला, तर प्रबंधाला वेगळेच वजन येईल.

गोदाकाठ

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण एका मुद्द्यावर मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मध्यवर्तीपणाची मापे निरुपयोगी आहेत, असा अर्थ यातून निघू नये.

क्रेब्स यांच्याच कामाचे उदाहरण घ्या. अपहरणकर्त्यांपैकी नवाफ अल-हझमी आणि खालिद अल-मिहधार हे दोघे जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूर येथील बैठकीमुळे अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या नजरेत आले होते. क्रेब्स यांनी नंतर दाखवून दिले की या दोघांपासून सुरुवात केली, तर १९ पैकी सर्व जण फार तर दोन दुव्यांच्या अंतरावर सापडतात. इतक्या मोठ्या अनर्थाचा धागा दोन पावलांवर होता. संशयिताच्या ओळखीच्या ओळखीपर्यंत चौकशी न्यावी, ही साधी शिस्त जाळ्यांच्या अभ्यासातूनच आली आहे आणि ती मोलाची आहे.

आलेखवाचक

गोदाकाठ, शिस्तीविषयी तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्या आकृतीत फक्त कटाशी संबंधित माणसे आहेत, कारण कोण कटात होते हे माहीत झाल्यानंतर ती काढलेली आहे. २००० साली त्या दोघांपासून दोन पावले चालत गेले असते, तर घरमालक, सहप्रवासी, प्रार्थनास्थळी भेटलेले लोक, विमान उडवायला शिकवणारे प्रशिक्षक आणि या सगळ्यांचे परिचित असे हजारो लोक समोर आले असते. अपहरणकर्ते दोन पावलांवर होते हे खरे, पण त्या दोन पावलांत आणखी कोण कोण होते, हे आकृती सांगत नाही.

क्रेब्स यांची दुसरी नोंद मला जास्त बोलकी वाटते. केवळ जुन्या, विश्वासाच्या संबंधांचे दुवे धरले, तेव्हा २० पेक्षाही कमी माणसांच्या या जाळ्यातले सरासरी अंतर ४.७५ पावले निघाले, आणि एकाच विमानात बसलेले काही साथीदारही एकमेकांपासून दूर होते. मोजक्या बैठकांतून निर्माण झालेले तात्पुरते दुवे धरल्यावर ते अंतर २.७९ वर आले. जाळे एरवी पसरट आणि शांत राहते, कामापुरते जवळ येते आणि पुन्हा दूर होते. जवळ येण्याच्या त्या अल्प काळावर लक्ष नसेल, तर वर्षभराचा एकत्रित आलेख फारसे काही सांगू शकत नाही.

पासबुक

मी बँकेत आर्थिक गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या विभागात काम करतो. दहशतवादाचा माझा अभ्यास नाही, परंतु हाच प्रश्न आमच्यासमोर रोज वेगळ्या रूपात येतो, म्हणून लिहीत आहे.

सायबर फसवणुकीत गेलेला पैसा थेट फसवणूक करणाऱ्याच्या खात्यात जात नाही. तो आधी 'म्यूल' खात्यात, म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावरच्या आणि बहुधा कमिशनवर वापरायला दिलेल्या खात्यात येतो. तेथून काही मिनिटांत तो पाच-सात खात्यांत विभागला जातो, त्यांतून पुढच्या खात्यांत जातो आणि शेवटी एटीएममधून रोख किंवा क्रिप्टोच्या रूपाने बाहेर पडतो. आम्ही त्याला पहिला लेअर, दुसरा लेअर, तिसरा लेअर असे म्हणतो. पीडित व्यक्तीने १९३० या क्रमांकावर लवकर तक्रार केली, तर पैसा ज्या लेअरपर्यंत पोहोचला असेल तेथे तेवढी रक्कम अडवून धरता येते. या लेअरचा आलेख काढला, तर सर्वांत मध्यवर्ती कोण दिसते? एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा मजूर, ज्याने काही हजार रुपयांसाठी आपले एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिम दुसऱ्याच्या हाती दिलेले असते. त्याचे खाते बंद केले तर दुसऱ्या दिवशी दुसरे खाते उभे राहते. वर आलेखवाचक यांनी बदली मिळण्याविषयी जे लिहिले आहे, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. ही खाती गोळा करणारा, सिमची व्यवस्था करणारा आणि सूचना देणारा माणूस व्यवहारांच्या आलेखात कोठेच नसतो, कारण त्याच्या नावावर एकही व्यवहार झालेला नसतो.

म्हणून आमच्याकडे केवळ पैशाच्या दुव्यांवर भागत नाही. एकाच मोबाइल हँडसेटवरून चालवली जाणारी अनेक खाती, एकच पत्ता, खाते उघडल्यानंतर काही महिने शांतता आणि मग अचानक मोठ्या रकमांची ये-जा, आलेली रक्कम काही मिनिटांत पूर्ण बाहेर जाणे, असे वेगवेगळ्या प्रकारचे दुवे आणि खुणा एकत्र पाहाव्या लागतात. रिझर्व्ह बँकेने ६ डिसेंबर २०२४ रोजी ज्या 'म्यूलहंटर डॉट एआय' या प्रणालीचा उल्लेख केला, ती रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबने याच कामासाठी तयार केली आहे.

मला सर्वांत जास्त काळजी मात्र आणखी एका गोष्टीची वाटते, आणि तुमच्या प्रबंधात ती यावी अशी माझी इच्छा आहे. चौथ्या-पाचव्या लेअरपर्यंत पैसा पोहोचतो तेव्हा त्यातला काही भाग सामान्य खरेदीत खर्च झालेला असतो. भाजीवाल्याने क्यूआर कोडवर घेतलेले दीडशे रुपये त्याच साखळीतून आलेले असू शकतात. देशभरात अशा छोट्या विक्रेत्यांची पूर्ण खाती गोठवली गेल्याच्या तक्रारी आल्या आहेत. ज्याचे दुसऱ्या दिवशीच्या मालाचे पैसे त्याच खात्यात आहेत, त्याचा धंदा एका दिवसात बसतो. आलेखात तो गुन्ह्यापासून चार पावलांवर आहे, एवढाच त्याचा दोष. अंतर हे सहभागाचे माप नाही, ही गोष्ट आलेख काढणाऱ्यानेच ठळकपणे लिहून ठेवली पाहिजे, कारण आलेख वापरणाऱ्याला ती आठवेलच असे नाही.

आकडेमोडही एकदा करून पाहा. समजा एक कोटी खाती आहेत आणि त्यांत १,००० म्यूल खाती आहेत. तुमचे मॉडेल ९९ टक्के म्यूल खाती ओळखते आणि प्रामाणिक खात्यांपैकी फक्त १ टक्का खात्यांवर चुकून बोट ठेवते. म्हणजे ९९० म्यूल खाती सापडली आणि त्यांच्यासोबत ९९,९९० प्रामाणिक खातीही यादीत आली. यादीतल्या साधारण शंभर खात्यांमागे एकच खरे निघाले. आकडे मानलेले आहेत, पण प्रमाण असेच असते. दहशतवाद्यांच्या बाबतीत ते याहून विषम असणार.

रानजाई

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. टप्पे वेगळे करून मी पुन्हा पाहिले. सुरुवातीच्या आणि शेवटच्या टप्प्यांत बिट्वीननेसच्या क्रमवारीत वरची माणसे बदललेली दिसली, आणि एकत्रित आलेखावरून काढलेला माझा निष्कर्ष टिकत नाही हे पटले.

पासबुक यांनी सांगितलेल्या खुणा वाचून प्रश्न पडतो की इतक्या प्रकारच्या दुव्यांचा एकत्र विचार करणे हे तर ग्राफ न्यूरल नेटवर्कचेच बलस्थान आहे. मग माप निवडण्याचा प्रश्न बाजूला ठेवून मॉडेललाच शिकू द्यावे का?

पैलतीर

मी परदेशात व्यवहार-जोखमीची मॉडेल तयार करण्याच्या क्षेत्रात आहे. तुमच्या प्रश्नावर सर्वांत उपयोगी पडेल असा खुला डेटा म्हणजे 'एलिप्टिक'चा बिटकॉइन डेटा, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २,०३,७६९ व्यवहार हे नोड आहेत आणि पैशाच्या प्रवाहाचे २,३४,३५५ दुवे आहेत. ४,५४५ व्यवहार बेकायदेशीर, ४२,०१९ कायदेशीर, आणि उरलेले सारे अज्ञात. हे शेवटचे प्रमाण लक्षात ठेवा, कारण खऱ्या जगात असेच असते: तीन चतुर्थांशाहून अधिक नोडांविषयी कोणीच काही सांगू शकत नाही.

हा डेटा प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकांनी पहिले ३४ कालखंड शिकवण्यासाठी आणि पुढचे १५ तपासण्यासाठी ठेवले. निकाल दोन कारणांनी वाचण्यासारखे आहेत. पहिले असे की रँडम फॉरेस्ट या जुन्या, आलेखाची रचना थेट न पाहणाऱ्या पद्धतीने ग्राफ कन्व्होल्यूशनल नेटवर्क या ग्राफ न्यूरल नेटवर्कच्याच एका प्रकाराला मागे टाकले. शेजारच्या नोडांची माहिती बेरीज-सरासरीच्या रूपात आधीच पुरवलेली असेल, तर साधी पद्धतही बरेच काही साधते. त्यामुळे तुमच्या प्रबंधात ग्राफ न्यूरल नेटवर्कची तुलना रँडम फॉरेस्टशी केली नसेल, तर परीक्षक तो प्रश्न हमखास विचारतील.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ४३ व्या कालखंडात एक मोठी काळी बाजारपेठ बंद पडली आणि त्यानंतर एकही मॉडेल टिकले नाही. बेकायदेशीर व्यवहार ओळखण्याची सर्वांची क्षमता एकदम कोसळली, आणि नव्याने आलेली माहिती देऊन पुन्हा शिकवलेली मॉडेलही सावरली नाहीत. कॅव्हिअर टोळीने जप्त्यांनंतर जे केले, तेच येथे वेगळ्या माध्यमात घडले. मॉडेल गुन्हा शिकलेले नव्हते, त्या काळातल्या एका बाजारपेठेची सवय शिकलेले होते. नोड यादृच्छिकपणे वाटून शिकवण्याचा आणि तपासण्याचा डेटा वेगळा केला असता, तर हे दिसलेच नसते आणि आकडे अतिशय देखणे आले असते. प्रसिद्ध होणाऱ्या कितीतरी लेखांत अजूनही तसेच केले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण असे मॉडेल उद्या कोणाच्या तरी खात्यावर, प्रवासावर किंवा स्वातंत्र्यावर निर्णय देणार असते.

पासबुक यांच्या आकडेमोडीला जोडून एक प्रत्यक्ष घडलेली गोष्ट सांगतो. एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या कागदपत्रांपैकी काही २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यांत 'स्कायनेट' नावाच्या कार्यक्रमाचे वर्णन होते. पाकिस्तानातील मोबाइल वापराच्या नोंदींवरून, म्हणजे कोण कोठे प्रवास करतो, कोणाशी बोलतो, सिम किती वेळा बदलतो अशा खुणांवरून, दहशतवाद्यांचे निरोपे ओळखण्याचा तो प्रयत्न होता. त्या यादीत अग्रभागी निघालेले नाव होते अल जझीरा वाहिनीचे इस्लामाबादमधील ब्युरो प्रमुख अहमद झैदान यांचे. दहशतवादी नेत्यांच्या मुलाखती घेणारा पत्रकार त्यांच्या भागांत प्रवास करणार आणि त्यांच्या लोकांशी बोलणार हे उघड आहे. आलेखाच्या दृष्टीने पत्रकार आणि निरोप्या यांच्यात फारसा फरक नव्हता. शिकवण्याचा डेटा वाढवून ही चूक सुटत नाही, कारण दोघांना वेगळे करणारी गोष्ट, म्हणजे ते एकमेकांशी काय बोलतात आणि कशासाठी, ही त्या डेटामध्ये मुळात नव्हतीच.

शिवारफेरी

चर्चा सगळी "कोण" या प्रश्नाभोवती फिरते आहे, म्हणून एक वेगळी दिशा सुचवतो. सुरक्षेच्या अनेक समस्यांत माणूस ओळखण्याची गरजच नसते. मर्यादित मनुष्यबळ कोठे आणि केव्हा ठेवायचे, हा प्रश्न असतो.

मिलिंद तांबे हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना त्यांच्या गटाने तयार केलेली 'आर्मर' ही प्रणाली २००७ पासून लॉस एंजेलिसच्या विमानतळावर वापरात आली. रस्त्यांवरचे तपासणी नाके कधी आणि कोठे लावायचे, टर्मिनलमध्ये श्वानपथके कधी फिरवायची, याचे वेळापत्रक ती ठरवत असे. हल्लेखोर आधी पाळत ठेवतो आणि बंदोबस्ताची सवय ओळखून मग जागा निवडतो, हे तिचे गृहीतक आहे. म्हणून वेळापत्रकात यादृच्छिकता असते, पण ती सर्वत्र सारखी नसते. जेथे हानी मोठी होऊ शकते तेथे बंदोबस्ताची शक्यता जास्त ठेवली जाते, आणि तरीही कोणतीच जागा अमुक वेळी नक्की मोकळी असेल असे हल्लेखोराला म्हणता येत नाही. गणितात याला स्टॅकेलबर्ग खेळ म्हणतात. हीच रीत पुढे अमेरिकेच्या विमानांतील एअर मार्शलच्या नेमणुकांसाठी, बॉस्टन बंदरातील तटरक्षक दलाच्या गस्तीसाठी आणि नंतर युगांडातील अभयारण्यांत शिकाऱ्यांविरुद्धच्या गस्तीसाठी वापरली गेली.

मला ही दिशा महत्त्वाची वाटते ती दोन कारणांनी. समोरचा माणूस आपल्याकडे पाहून वागणूक बदलतो, ही गोष्ट येथे सुरुवातीलाच गणितात घेतलेली आहे. कॅव्हिअर आणि एलिप्टिक यांच्या बाबतीत ती नंतर धक्का म्हणून समोर आली. आणि येथे मॉडेल चुकले तर एक गस्त वाया जाते, निरपराध माणसाचे नाव यादीत जात नाही. म्यूल खात्यांच्या बाबतीतही असे काही करता येईल असे मला वाटते. संशयित खाते पूर्ण गोठवण्याऐवजी संशयास्पद व्यवहार काही तास रोखून धरायचा, आणि तो केव्हा रोखला जाईल याचा अंदाज टोळीला येऊ द्यायचा नाही.

पासबुक

शिवारफेरी यांची सूचना व्यवहार्य आहे. टोळीचे सर्व गणित वेगावर चालते, त्यामुळे काही तासांचा विलंब तिला फार महाग पडतो, आणि प्रामाणिक ग्राहकाला तो बहुतेक वेळा सोसवतो. फक्त रुग्णालयाचे बिल आणि तत्सम तातडीच्या देण्यांसाठी वेगळी वाट ठेवावी लागेल, आणि तीच वाट टोळी वापरू पाहील हेही धरून चालावे लागेल.

आलेखवाचक

रानजाई, प्रबंधाच्या दृष्टीने आता नेमके काय करावे ते सांगतो. कॅव्हिअरचे ११ टप्पे वेगळेच ठेवा. प्रत्येक टप्प्यात दुव्यांचा दहा टक्के, मग वीस, मग तीस टक्के भाग लपवून क्रमवारी पुन्हा काढा. लपवण्याच्या दोन रीती वापरा: एकदा यादृच्छिकपणे आणि एकदा फक्त एन १ चे दुवे, म्हणजे त्याचा फोन ऐकलाच नसता तर काय दिसले असते ते कळेल. हे पुष्कळ वेळा करून वरच्या पाच नावांत कोण किती वेळा टिकते ते मोजा. जो नोड दोन्ही रीतींत टिकतो, त्याच्याविषयी तुम्ही काही ठामपणे म्हणू शकता. जो फक्त पहिल्या रीतीत टिकतो, त्याचे मध्यवर्तीपण पाळतीवर अवलंबून आहे, असे स्पष्ट लिहा.

मग नोड काढण्याचा प्रयोग करा, पण प्रत्येक वेळी काढलेल्या माणसाच्या शेजाऱ्यांना दोन पावलांच्या आत बदली माणूस निवडू द्या, आणि मग पुढच्या टप्प्यातल्या खऱ्या आलेखाशी तुमचा अंदाज ताडून पाहा. या तपासात शेवटपर्यंत कोणालाच अटक झाली नव्हती, त्यामुळे बदली कोण आला याचा थेट पडताळा या डेटामध्ये मिळणार नाही. जप्तीनंतर कोण मागे हटला आणि त्याचे संपर्क कोणाकडे गेले, एवढेच तपासता येईल, आणि ही मर्यादा प्रकरणाच्या पहिल्याच परिच्छेदात नोंदवा. न्यूरल नेटवर्क वापरायचे असेल तर ते एलिप्टिकवर, काळानुसार विभागणी करून, रँडम फॉरेस्टच्या शेजारी ठेवून वापरा. ११० नोडांवर त्याला शिकण्यासारखे फारसे काही नाही.